नऊ गुलाब, एक कात्री

आत्या येणार नाही म्हणाली होती, म्हणजे ती सगळ्यांच्या आधी येणार हे ठरलेलंच होतं. सकाळी आठला फाटक वाजलं तेव्हा मी गच्चीवर रोपांना पाणी घालत होते. वरून पाहिलं तर आत्या पर्स खांद्यावरून न उतरवताच स्वतःच्या गुलाबापाशी उभी होती आणि एका काळवंडलेल्या फांदीला दरडावून विचारत होती, "काय गं, काय करून घेतलंस हे?" आत्या मुख्याध्यापिका आहे. झाडांशीसुद्धा ती पालकसभेच्या सुरात बोलते.

मागून आतोबा आले, दोन्ही हातांत बिस्किटांचे डबे घेऊन. आतोबा लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लोकांना वर-खाली सुखरूप पोचवतात, आणि आमच्या घरात आले की कुठे उभं राहायचं ते त्यांना कळत नाही. आजोबांनी व्हरांड्यातून हात जोडले. "या. बसा तुम्ही." हे वाक्य आतोबा गेली बावीस वर्षं ऐकताहेत. ते बसले.

छाटणीचा रविवार असा सुरू झाला.

आमच्या घरात माणूस आलं की गुलाब लागतो. जन्माला येवो नाहीतर लग्न करून येवो. प्रत्येक गुलाब मुळात आजोबांनी स्वतः तयार केलेला. रानटी खुंटाची साल अलगद उचलायची, आत चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटवा येणारा कोंब, सरकवायचा आणि पट्टी बांधायची, इतकी नाजूक की जखमेलाही कळू नये. असे नऊ. जागा मिळेल तिथे लावलेले. आतोबांचा आजीच्या झाडाला अगदी खेटून, आत्याचा नळाशी, बाबांचा फाटकाजवळ. माझा कचऱ्याच्या डब्याशेजारी, कारण मी शेंडेफळ, मी येईपर्यंत चांगल्या जागा संपल्या होत्या. (यावरून मी सात वर्षांची असताना उपोषण केलं होतं. दुपारपर्यंत.)

लावले कसेही असोत, छाटायचे मात्र वयानं. आधी आजोबांचं झाड, मग आजीचं, मग आतोबा, आत्या, बाबा, आई, आतेदादा, आतेताई आणि शेवटी मी. दादा-ताई शिकायला दूर गेलेत, तरी त्यांचा नंबर चुकत नाही. आजी जाऊन आठ वर्षं झाली, तिचाही चुकत नाही. त्यापायी आजोबा बागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ वेळा येरझारा घालतात आणि आम्ही सगळे कात्रीमागून वरातीसारखे फिरतो.

या वर्षी मात्र कात्री व्हरांड्याच्या कठड्यावर नुसतीच पडून होती. नऊपैकी सात झाडं आजारी होती.

"औषध मारलं का काही?" आत्यानं आत येत विचारलं.

"तीनदा," आजोबा म्हणाले.

"मग दुसरं मारा."

"ताई, ते औषधाच्या पलीकडे गेलंय," बाबा म्हणाले. ते फरशांच्या दुकानात विक्री बघतात आणि आज त्यांच्या काखेत चार फरशा होत्या, नमुन्याच्या. त्यांनी त्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या. "ही खरबरीत आहे, पावसात घसरायला होत नाही. गाडी आत येईल, दोन खुर्च्या टाकता येतील. बाग कोण बघणार आता? अप्पांचे गुडघे बघितलेत?"

"माझे गुडघे मला दिसतात," आजोबा म्हणाले.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "तुला कुठेही मोकळी जमीन दिसली की फरशी आठवते. उद्या माझ्या डोक्यावर टक्कल पडलं तर तिथेही बसवशील."

"मापं घ्यायला लागतील," बाबा म्हणाले.

मी तोवर खाली आले होते. पाठीमागे लपवलेली कागदी पिशवी पुढे केली आणि आतली वस्तू फरशांवर ठेवली. बटाट्याएवढी गाठ, भेगाळलेली, खडबडीत, तपकिरी. माझ्या झाडाच्या बुंध्याशी माती उकरून ती मी काढली होती आणि शाळेत जीवशास्त्राच्या बाईंना दाखवली होती.

"ई! फरशीवरून काढ ते," बाबा ओरडले.

"ही गाठ सातही झाडांच्या मुळाशी आहे. मी उकरून बघितलंय. बाई म्हणाल्या, हे जंतूंचं काम. जखमेतून आत शिरतात. औषध नाही. झाडं मुळासकट काढायची आणि तिथे निदान पाच वर्षं परत गुलाब लावायचा नाही, कारण जंतू मातीत राहतात."

"म्हणजे फरशी," बाबा म्हणाले.

"म्हणजे झुडपं! इथलीच. या जंतूंना दाद न देणारी. बाईंनी खुणा करून दिल्यात कुठली चालतील त्या. आणि रोपं तयार आहेत, बाबा. गच्चीवर. सोळा."

"ते दुधाच्या पुड्यांत लावलंयस ते?" बाबांनी विचारलं. "मला वाटलं शाळेचा प्रकल्प आहे."

प्रकल्प होता. पण बी गोळा करता करता तो माझ्या हातातून सुटला आणि मोठा झाला. एक पोस्टामागच्या पडीक जागेतलं, पांढऱ्या झुपक्यांचं. एक रुळांच्या कडेचं, काळीभोर बारीक फळं येणारं. एक टेकडीवरचं, पानं चुरडली की औषधासारखा वास येणारं. त्यांना कुणी कधी पाणी घातलं नाही, छाटलं नाही, कौतुक केलं नाही, तरी ती मजेत होती. मला ती सॉलिड आवडली होती. आणि बाग फरशीखाली गेली तर ती सोळाच्या सोळा पुड्यांतच मरणार होती. मला त्या दिवशी एवढंच हवं होतं: आजोबांच्या तोंडून 'लाव' हा शब्द.

आजोबांनी गाठ उचलली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून पाहिली आणि परत फरशीवर ठेवली.

"चहा घेऊ आधी," ते म्हणाले.

आमच्या घरात कुणाच्या मनातलं मनात राहत नाही. ते आधी स्वयंपाकघरात येतं, मग मला कळतं. म्हणून पुढचं मी तिथे नसतानाही सांगू शकते.

आत्यानं स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला, म्हणजे तिला रडायचं होतं. आई कप मांडत राहिली. आई स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीवर बसते. विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही ही सवय तिला कामातून लागली आहे आणि घरात ती फार उपयोगी पडते.

"वहिनी, तुला माहीत आहे ना, अप्पांनी ह्यांचं झाड लावायला चार वर्षं घेतली?" आत्या म्हणाली. "आमचं लग्न झालं, मी दर छाटणीला यायचे, आणि दर वेळी कलमाचा डोळा भरायला 'मोसम चुकला'. चार वर्षं मोसम चुकत होता. शेवटी आईनं स्वतः खड्डा खणला, स्वतःच्या झाडाशेजारी. मग अप्पांचा नाइलाज झाला."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"आता तीन वर्षांपूर्वी ते वाळलं. तर हे आपले स्वतः जाऊन रोपवाटिकेतून नवं घेऊन आले. मला म्हणाले, त्यांना परत मागायला नको. विकतचं आणलं म्हणून अप्पा दोन महिने नीट बोलले नाहीत." तिनं नळ बंद केला. "तू फरशीच्या बाजूनं आहेस का?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय."

"नाही," आई म्हणाली. "घरात शिरताना पायाला माती लागली पाहिजे. नाहीतर मला कामावरच असल्यासारखं वाटतं."

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू सतरा वर्षांत पहिल्यांदाच ती खिडकी उघडी दिसली होती. दोघींनी चहा गाळला. बाबांची एक बाजू तिथे कमी झाली आणि त्यांना पत्ताही नव्हता.

आतोबा तेव्हा बाहेर त्यांच्या झाडाशी उभे होते. पुढे त्यांनीच मला सांगितलं, की गाठ बघितल्याबरोबर ते तडक तिथे गेले होते. ते लिफ्टचे माणूस. काहीही बिघडलं की आधी विचार येतो, शेवटी हात कुणी लावला होता? विकतचं झाड कोणी आणलं होतं? त्यांनी. त्यांनी बुंध्यापाशी बोट घालून पाहिलं. त्यांच्या झाडाची गाठ सगळ्यांत मोठी होती, दोन मुठींएवढी. त्यांनी घाईघाईनं माती परत लोटली आणि हात पँटला पुसले. मग आत येऊन बसले, जिथे बसायला सांगितलं होतं तिथेच.

चहा आल्यावर मी नकाशा काढला. वहीच्या दोन पानांवर अख्खी बाग काढली होती. आजारी झाडं लाल, निरोगी हिरवी.

"हिरवी दोनच?" आत्यानं विचारलं. "कुठली?"

"आजोबांचं आणि आजीचं."

कुणीतरी सुस्कारा सोडला. आजोबांनी कप बशीत ठेवला. बाबा नकाशावर वाकले आणि बाबांना फरशांची सवय असल्यामुळे त्यांना आकृती पटकन दिसते. "हे मजेशीर आहे," ते म्हणाले. "सगळ्यांत आधी कुठलं झाड आजारी पडलं?"

मी उत्तर द्यायला नको होतं. "आतोबांचं. गाठी मोजल्या तर तसं दिसतं."

"म्हणजे विकतचं आलं त्यानंतर."

"बाळ्या," आत्या म्हणाली.

"मी काही म्हटलं का? मी झाडाबद्दल बोलतोय."

"बावीस वर्षं तुम्ही सगळे झाडाबद्दलच बोलताय."

"ताई, अगं, बाहेरून आलेल्या रोपातून रोग येतो, हे कुणीही..."

"बाहेरून आलेल्या. बरोबर. म्हण ना, तोंडावर म्हण. माझ्या नवऱ्यानं तुमच्या घरात रोग आणला."

"तसं असेलही," आतोबा हळूच म्हणाले. सगळे थांबले. आतोबा टेबलावर बोलत नाहीत. "मी जरा चौकशी करून आणायला हवं होतं. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. चूक झाली, अप्पा."

आजोबांनी नकाशा स्वतःकडे ओढून त्यावरची लाल झाडं पाहिली. आणि त्या पाहण्यात मला दिसलं, त्यांना पटलं होतं. त्यांना बरंसुद्धा वाटत होतं. चेहऱ्यावरची एक सुरकुती सैल झाली होती. तीन वर्षं झाडं डोळ्यांदेखत जात होती, आता निदान कारण सापडलं होतं, आणि ते दुसऱ्याचं होतं.

आत्यानं पर्स खांद्याला लावली. "चला हो."

आता मी खरं सांगते. मला गुरुवारपासून माहीत होतं. गुरुवारी रात्री जेवताना मी नकाशा मांडीवर घेऊन बसले होते आणि एकदम मला ते दिसलं होतं. आणि मी ठरवलं होतं की हे कुणालाही सांगायचं नाही, कध्धीच नाही. झाडं काढली, झुडपं लावली, झालं. आता आत्या गेली असती तरी झुडपं लागली असती, कारण आजोबा त्या क्षणी कशालाही हो म्हणाले असते. मी गप्प राहिले असते तर मला हवं ते मिळत होतं. फक्त आतोबा पुन्हा कधी त्या फाटकातून आत आले नसते.

"झाड चालत गेलं नाही ना पण!" मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"काय?"

"आतोबांच्या झाडाला आजीचं झाड खेटून आहे. हातभर अंतर. मातीतून रोग पसरला असता तर पहिला आजीला लागला असता. तिला काहीच नाही! आणि माझं? बागेच्या दुसऱ्या टोकाला, कचऱ्याच्या डब्याशी. त्याला लागला. का?"

"का?" बाबांनी विचारलं.

"नकाशात कळत नाही. क्रमानं मोजलं की कळतं." मी एकेक बोट दुमडायला लागले. "आजोबा, बरं. आजी, बरं. आतोबा, आजारी. आत्या, आजारी. बाबा, आई, दादा, ताई, मी. तिसऱ्यापासून पुढे एकही सुटलं नाही. तिसऱ्याच्या आधी एकही आजारी नाही. रोग वयानं गेलाय."

आईला सगळ्यांत आधी कळलं. तिनं माझ्याकडे पाहून अगदी थोडीशी मान हलवली, नको म्हणून. पण मी इतकी पुढे गेले होते की मागे वळायला जागाच नव्हती.

"रोग बाहेरून आला, मान्य. पण तो एकाच झाडात राहिला असता. पुढे नेला तो कात्रीनं. वर्षभर कोरडी पडून तिच्यावरचे जंतू मरायचे, म्हणून पहिली दोन वाचली."

कठड्यावरची कात्री तिथून दिसत होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मग कुठेच बघायचं नाही असं ठरवलं.

आजोबा उठले. खुर्ची नीट आत सरकवली, जशी रोज सरकवतात. कठड्यावरून कात्री घेतली आणि अवजारांच्या खोलीत गेले. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"शाब्बास," बाबा म्हणाले. "आता तुझी झुडपं गच्चीवरच लाव."

त्या खोलीत काय झालं ते मला आजोबांनी सांगितलं, थोडं तेव्हा आणि थोडं नंतर.

अडतीस वर्षं ते इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात होते. अवजारं उकळायची, ट्रे लावायचा, मोजायचं, परत मोजायचं. एक चिमटा नुसता कडेला टेकला तरी अख्खा ट्रे माघारी. नव्या सर्जनची घाई असली तरी माघारी. "कटकट्या" म्हणायचे त्यांना तिथे, आणि त्यांना तो सन्मान वाटायचा. त्यांच्या ट्रेमुळे एकाही माणसाची जखम चिघळली नाही, हे ते कधी बोलून दाखवत नसत, पण त्यावर ते चालत होते, जसं कुणी काठीवर चालतं.

ते उलट्या बादलीवर बसले आणि कात्री उघडून पात्यांच्या मध्ये पाहिलं. वाळलेला चीक होता, तपकिरी, गेल्या वर्षीचा. त्याखाली त्याच्या आधीच्या वर्षीचा.

मी दारात उभी राहिले. आत जायचं धाडस होत नव्हतं आणि निघून जायचं त्याहून नव्हतं.

"किती दिवस माहीत होतं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"गुरुवारपासून."

"तीन दिवस गप्प बसलीस? तू?"

"पोट दुखत होतं."

त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं रडताहेत. हसत होते, म्हणजे बहुतेक दोन्ही.

"आजोबा, तिथे तुम्ही इतकं करायचात. मग इथे का नाही?" हे मी कुत्सितपणे विचारलं नाही. मला खरंच कळत नव्हतं.

त्यांनी अंगठ्याच्या नखानं पात्यावरचा चीक खरवडला. "तिथे परके होते गं. परक्यांची काळजी घ्यावी लागते. इथे सगळे आपलेच. आपल्याच माणसांपासून आपल्या माणसांना काय होणार, असं वाटलं." त्यांनी कात्री मिटली. "म्हणजे तसंही नाही वाटलं. मनातच आलं नाही कधी."

"सांगायला नको होतं का मी?"

"तुझा आतोबा मान खाली घालून बसला होता. मी बघत होतो. आणि मला बरं वाटत होतं." ते म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. इथे लिहिलंय फक्त.

मग ते उठले, गुडघ्यांवर हात देऊन, आणि माझ्या बाजूनं सरळ स्वयंपाकघरात गेले. सगळ्यांत मोठं पातेलं काढलं. पाणी चढवलं. कात्री, खुरपं, दोन चाकू आत सोडले. आत्या पर्स खांद्याला लावूनच दारात उभी होती. कुणी तिला थांबवलं नव्हतं आणि ती गेलीही नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आजोबा म्हणाले, "वीस मिनिटं. तोवर कुणी भांड्याला हात लावायचा नाही." त्या आवाजात अडतीस वर्षं होती. बाबांनी हात चक्क पाठीमागे घेतले.

वीस मिनिटं आम्ही सहा जण उकळत्या कात्रीभोवती उभे होतो. विचित्र होतं. आईनं बिस्किटांचा डबा उघडला आणि फिरवला.

एकोणिसाव्या मिनिटाला आजोबा आतोबांकडे वळले. "दोष तुमच्या झाडाचा नव्हता. रोगी रोप कुणाच्याही हातून येतं. घरभर मी नेलं."

"असू दे, अप्पा," आतोबा म्हणाले.

"असू द्यायचं नाही. ऐकून घ्या. पहिलं झाड लावायलाही मी चार वर्षं लावली. तेव्हा मोसम चुकला नव्हता."

आत्यानं एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. आतोबांनी सवयीनं आजूबाजूला खुर्ची शोधली.

"बसू नका," आजोबा म्हणाले. "कुदळ घ्या. सात झाडं काढायचीत, आणि माझ्या मुलाला कुदळ कशी धरतात ते माहीत नाही."

"मला येते," बाबा म्हणाले.

"तू फरशी धरतोस तशी धरतोस."

आतोबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मी त्यांना इतकं झरझर चालताना कधी पाहिलं नव्हतं.

दुपारभर आम्ही खणलं. मुळं काही सहज सुटत नव्हती. आतोबा भोवतीनं चर मारायचे, बाबा फांद्यांना बांधलेला दोर ओढायचे, आणि मग एकदम चर्रर्र आवाज होऊन अख्खं झाड बाहेर यायचं, गाठींसकट. ती पोत्यात, पोती फाटकाबाहेर. प्रत्येक झाडानंतर आजोबा कुदळीचं पातं स्पिरिटनं पुसून घ्यायचे. "आता कशाला?" बाबांनी घाम पुसत विचारलं, "सगळीच आजारी आहेत." आजोबांनी फक्त बघितलं. बाबांनी कुदळ पुसायला पुढे केली.

आत्यानं आपलं झाड कुणाला काढू दिलं नाही. ओढणी कमरेला बांधून ती स्वतः खड्ड्यात उतरली. एकच फूल होतं त्यावर, कडेनं करपलेलं. ते तिनं तोडलं, वास घेतला आणि पोत्यात टाकलं. "चला, सुटले," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

आजोबांचा आणि आजीचा गुलाब राहिला. मध्ये सात काळे खड्डे. बघवत नव्हतं. एवढी भकास बाग मी जन्मात पाहिली नव्हती आणि क्षणभर मलाच वाटलं, फरशी बरी दिसली असती.

मग मी गच्चीवरून रोपं आणली. चार खेपा. आतोबांनी ट्रेसारखी फळी धरली होती. उन्हात ती फारच बारीक दिसत होती, दुधाच्या पुड्यांतून डोकावणाऱ्या काड्या नुसत्या.

"हे?" बाबा म्हणाले. "यासाठी आपण एवढं..."

"बाळ्या, तू जन्मलास तेव्हा कसा दिसत होतास ते मी पाहिलंय," आत्या म्हणाली. "तरी ठेवून घेतला."

"यातलं माझं कुठलं?" आईनं विचारलं. तिनं! कुणी काही न विचारता!

मी आदल्या दिवसापासून विचार करून ठेवलेलं उत्तर दिलं, की आता कुणाचं कुठलंच नाही, ही एकत्र दाट वाढतात, एकमेकांत घुसतात, कुठलं कुठे संपतं ते कळत नाही. छान भाषण होतं. कुणी ऐकलं नाही. आईनं पोस्टामागचं उचललं. आत्याला तेच हवं होतं. "वहिनी, पांढरी फुलं मला लागतात, तुला माहीत आहे." "ताई, तुम्ही त्या औषधी वासाचं घ्या ना, शाळेत उपयोगी पडेल." बाबांनी काळ्या फळांच्या रोपाकडे बघून ती खाता येतात का असं विचारलं, पक्ष्यांना येतात म्हटल्यावर त्यांना जरा राग आला, पण रोप त्यांनी खाली ठेवलं नाही.

आजोबा माझ्या खड्ड्यापाशी आले. कचऱ्याच्या डब्याशेजारच्या. मी रुळांच्या कडेचं रोप हातात धरून उकिडवी बसले होते. ते कुंपणाच्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले, बादलीवर नाही, सरळ मातीत.

"याला फुलं कधी येतात?"

"तिसऱ्या वर्षी."

"तिसऱ्या." आजोबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. ते मनातल्या मनात बेरीज करत होते हे मला दिसलं, आणि मी पटकन काहीतरी बोलणार होते, यातलं एखादं दुसऱ्याच वर्षी फुलतं म्हणून, जे खोटं होतं.

त्यांनी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"मग सरक," ते म्हणाले. "खड्डा उथळ घेतलायस. तीन वर्षं टिकायचं तर मुळं खोल जायला हवीत."